पालकांची देणगी : कृतज्ञता की प्रवेशाची किंमत?

जून महिना उजाडला की जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या बोलण्यात दोनच विषय असतात : पाऊस आणि प्रवेश. पहिल्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि प्रवेशयादीची वाट पाहणारा पालक, दोघांच्याही जिवाला सारखाच घोर लागलेला असतो. एकमेकांना विचारायचे प्रश्नही ठरून गेले आहेत. निकालाच्या दिवशी विचारतात, "पोरीला किती टक्के पडले?" आणि प्रवेश झाला की विचारतात, "किती द्यावे लागले?"

या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. 'देणगी द्यावी लागली' असे आपण सहज बोलून जातो आणि त्यातील विसंगती आपल्याला खटकत नाही. जी द्यावी लागते ती देणगी कशी? इंग्रजी भाषेत 'डोनेशन' हा आदराचा शब्द आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थच पालटला. 'डोनेशनवर प्रवेश' म्हटले की त्यामागे काय घडले ते खेड्यातल्या निरक्षर माणसालाही कळते. 'दान' आणि 'देणगी' हे आपले जुने शब्द अजून बरेचसे स्वच्छ आहेत, परंतु त्यांच्यावरही डाग पडू लागले आहेत.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, विद्यापीठे आणि महाविद्यालये यांना पैशाची गरज आहे आणि ती खरी आहे. प्रयोगशाळा, वसतिगृहे, ग्रंथालये केवळ शुल्कावर उभी राहत नाहीत. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या पालकांकडे मोठ्या देणग्यांसाठी जावे काय, गेल्यास केव्हा आणि कसे जावे, हा प्रश्न सर्व संस्थाचालकांपुढे आहे. आपल्या ख्रिस्ती संस्थाही त्याला अपवाद नाहीत.

पालकांकडेच दृष्टी का वळते?

मोठ्या देणग्यांचा पहिला स्रोत म्हणजे माजी विद्यार्थी. नंदन निलेकणी यांनी जून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. पूर्वीची रक्कम धरून त्यांची एकूण देणगी ४०० कोटींवर गेली. त्या संस्थेत त्यांनी पाऊल ठेवले होते १९७३ साली. म्हणजे मधे पन्नास वर्षे गेली. सर्व संस्थांना इतका धीर नसतो. शिवाय ज्या महाविद्यालयाला स्थापन होऊन दहाच वर्षे झाली, त्याचे माजी विद्यार्थी अजून घराचे हप्ते फेडत असतात. देण्याजोगे कोणी असतील तर ते त्यांचे आईवडील.

अमेरिकेतील खासगी विद्यापीठांनी हे फार पूर्वी ओळखले. तेथे देणग्या मिळवण्यासाठी स्वतंत्र कार्यालये असतात आणि त्यांतील काही कर्मचारी केवळ पालकांचे काम पाहतात. नवे विद्यार्थी दाखल झाले की कोणाच्या घरी मोठी देणगी देण्याची ऐपत आहे याचा अंदाज घेतला जातो. काही विद्यापीठांत पालकांचे मंडळ असते आणि त्याच्या सदस्यत्वासाठी वार्षिक देणगीची किमान रक्कम ठरलेली असते. यामागचे गणित सरळ आहे. मूल शिकत असेपर्यंतच पालकाचे मन त्या संस्थेत गुंतलेले असते. चार वर्षे संपली, पदवी हाती आली, की ते दुसरीकडे वळते. म्हणून मागायचे ते या चार वर्षांतच.

हे गणित व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचे नाही. परंतु नैतिक अडचणही नेमकी तेथेच आहे. ज्या काळात पालक देण्यास सर्वांत जास्त तयार असतो, त्याच काळात तो सर्वांत कमी स्वतंत्र असतो. त्याचे मूल संस्थेच्या हाती असते. अंतर्गत गुण, उपस्थिती, वसतिगृहातील खोली, शिफारसपत्र हे सारे संस्थेकडे असते. संस्थेने एक शब्दही न उच्चारता पालक मनातल्या मनात हिशेब करतो : नाही म्हटले तर?

बाजूचा दरवाजा

ही सीमारेषा पुसली की काय होते, ते जगाने मार्च २०१९ मध्ये पाहिले. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने प्रवेशाचा एक मोठा घोटाळा उघड केला. विल्यम सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांना सांगे की, विद्यापीठाचा पुढचा दरवाजा गुणवत्तेचा आहे, मागचा दरवाजा मोठ्या देणगीचा आहे, आणि आपण बाजूचा दरवाजा उघडून देतो. क्रीडा प्रशिक्षकांना लाच देऊन, न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू ठरवून, तसेच परीक्षेत फेरफार करून प्रवेश मिळवले गेले. रकमेचा आकडा अडीच कोटी डॉलर्सच्या घरात गेला. पन्नासहून अधिक व्यक्तींवर आरोप ठेवण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणातील दोन गोष्टी आपण ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, हा पैसा एका धर्मादाय संस्थेच्या नावाने घेतला जात होता आणि पालकांना देणगीची पावती मिळत होती. लाचेने दानाचे वस्त्र पांघरले होते. दुसरी अशी की, ज्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी लाच घेतली त्यांत जॉर्जटाऊन हे येशूसंघीय धर्मगुरूंचे नामांकित विद्यापीठही होते. आरोप विद्यापीठावर नव्हता आणि त्या प्रशिक्षकाला २०२२ मध्ये कारावास झाला. तरीही एवढे खरे की, दारावर क्रूस असला म्हणजे लोभ बाहेरच थांबतो असे नाही.

सिंगरचा 'मागचा दरवाजा' मात्र कायदेशीरच होता, याचे अनेकांना वैषम्य वाटले. अखेर कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्यास मनाई केली. हा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

आपला कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये जे केले, ते महाराष्ट्राने कागदावर तरी १९८७ मध्येच केले होते. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गावोगावच्या मुलांना परराज्यात न जाता शिकण्याची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याबरोबरच जागांचे भाव बोलले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आला. ठरलेल्या शुल्काहून अधिक घेतलेली कोणतीही रक्कम, मग ती रोख असो वा वस्तुरूप आणि तिला कोणतेही नाव दिलेले असो, कॅपिटेशन फी समजावी, असे हा कायदा सांगतो. ती घेणाऱ्यास कैदेची शिक्षा आहे.

या कायद्यात देणगीला बंदी नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दानशूर व्यक्ती, न्यास किंवा संस्था यांच्याकडून शैक्षणिक कार्यासाठीच्या कायम निधीकरिता सद्हेतूने देणगी घेण्यास कायदा मुभा देतो. अट एकच : त्या देणगीच्या मोबदल्यात कोणत्याही अभ्यासक्रमातील एकही जागा राखून ठेवता कामा नये. प्रवेश आणि देणगी यांच्यामध्ये कायद्याने एक भिंत घातली आहे. भिंतीच्या या बाजूला असलेला पैसा पुण्याचा आणि त्या बाजूला असलेला गुन्ह्याचा.

न्यायालयांनीही ही भिंत वेळोवेळी पक्की केली. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने खासगी आणि अल्पसंख्याक संस्थांना आपला कारभार पाहण्याचे व्यापक स्वातंत्र्य दिले, परंतु नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना त्यात स्थान दिले नाही. ऑगस्ट २००५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात सात न्यायमूर्तींनी अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मान्यता दिली; मात्र त्यातून येणारा पैसा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या कामी लागावा, असे बजावले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने शुल्क रोखीने घेण्यास मनाई केली आणि कॅपिटेशन फीच्या तक्रारींसाठी संकेतस्थळ उभारण्याचा आदेश दिला. कायदा होऊन पस्तीस वर्षे लोटल्यावरही असा आदेश द्यावा लागला, यातच सारे आले.

शाळांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही कॅपिटेशन फीवर बंदी घातली आहे. परंतु २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू होत नाही असे ठरले. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबाबत शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्याची शिफारस केली. पुढे काहीही ठरो, राज्याचा १९८७ चा कायदा आहेच. राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेला हक्क आपल्याला जसा प्रिय आहे, तसाच तो मेहरूणमध्ये एच. जे. थीम महाविद्यालय चालवणाऱ्या मुस्लिम बांधवांनाही प्रिय आहे. हा हक्क आपल्या समाजातील शेवटच्या मुलापर्यंत शिक्षण पोहोचावे म्हणून आहे. कायद्याच्या एखाद्या कलमातून सूट मिळाली म्हणून सदसद्विवेकबुद्धीला सूट मिळत नाही.

तीन मातांची नावे

मोठी देणगी ही वाईट गोष्ट आहे असा कोणाचा समज होऊ नये. महाराष्ट्रातील उच्च शिक्षण मोठ्या देणग्यांवरच उभे राहिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. त्या मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि ते विद्यापीठ त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्या खानदेशात अंमळनेरच्या महाविद्यालयाला प्रताप शेठ यांचे आणि जळगावच्या महाविद्यालयाला मुळजी जेठा यांचे नाव आहे, ते अशाच दातृत्वामुळे. या देणग्यांवर आईचे किंवा घराण्याचे नाव कोरले गेले; वर्गातली जागा कोरली गेली नाही.

आणि तिसरी माता? आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. असोद्याची ही शेतकरीण निरक्षर होती. तिने कोणत्याही संस्थेला रुपया दिला नाही. तिने रचलेल्या ओव्या घरच्या मुलांनी लिहून ठेवल्या आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, त्यांचे पुस्तक निघाले. लाखांची देणगी देणाऱ्यांच्या मातांना जो मान मिळाला, तोच मान काहीही न देऊ शकणाऱ्या आईला खानदेशाने दिला. हे आमच्या मते या मातीचे मोठे शहाणपण आहे.

दुसरीकडे, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा इतिहास पाहावा. तेथे घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून वसतिगृहांतील मुलांना जेवू घातले गेले. मूठ देणाऱ्या कित्येक माउल्यांचे स्वतःचे मूल त्या वसतिगृहात नव्हते. ती मूठ दुसऱ्याच्या लेकरासाठी होती. म्हणूनच ती देणगी होती.

ख्रिस्तसभेची शिकवण

मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची कथा आपण निधी संकलनाच्या वेळी आवर्जून सांगतो. ती कथा संत मार्क आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानांत कोठे येते, हे मात्र सांगत नाही. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा प्रभू येशू निषेध करतात आणि त्याला लागूनच ही कथा येते. तेव्हा तिच्या औदार्याची स्तुती करण्याआधी आपण मागणाऱ्यांनी आधीच्या ओळी स्वतःला वाचून दाखवाव्यात. त्या विधवेला कोणी मागितले नव्हते आणि दिल्याने तिला काही मिळणारही नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे दान विकत घेण्यासाठी पैसे पुढे करतो आणि संत पेत्र त्याला कडक शब्दांत झिडकारतो. त्याच्याच नावावरून पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीच्या पापाला 'सिमोनी' हे नाव पडले. शिक्षण हे साक्रामेंत नव्हे, हे खरे. तरीही कॅनन कायद्यातील काही नियम आपल्या शिक्षणसंस्थांनी दर्शनी भागी लावावेत असे आहेत. मिस्साच्या दानाबाबत व्यापाराचा भासदेखील होऊ नये, असे ९४७ वे कलम सांगते. गरिबीमुळे कोणी साक्रामेंतापासून वंचित राहू नये, असे ८४८ वे कलम सांगते. दान ज्या हेतूने दिले त्याच हेतूसाठी वापरावे, असा १२६७ व्या कलमाचा दंडक आहे. आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे १२८७ वे कलम बजावते.

एक योगायोगही नमूद करावासा वाटतो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. त्याच दिवशी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांविषयीचे आपले पत्र प्रसिद्ध केले. उच्च शिक्षणापासून परंपरेने दूर ठेवल्या गेलेल्या गरिबांना आणि अल्पसंख्याकांना विद्यापीठाची दारे खुली असावीत, ही अपेक्षा त्यात आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून येणाऱ्या मुलीला ही अपेक्षा कोणी समजावून सांगावी लागत नाही.

आमचाही कबुलीजबाब

इतरांना उपदेश करताना आपल्याकडेही पाहणे क्रमप्राप्त आहे. प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, "फादर, एक चिठ्ठी द्या." आम्ही अशा चिठ्ठ्या दिल्या आहेत. चिठ्ठी घेऊन गेलेल्या एका पालकाने परत येऊन सांगितले की, अर्जाबरोबरच 'स्वेच्छा इमारत निधी'चा कागद हाती देण्यात आला आणि रकमेचा रकाना आधीच भरलेला होता. त्याने पत्नीच्या पाटल्या मोडल्या. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या जळगावच्या सराफ बाजारात जूनमध्ये असे सोने किती येत असेल, याचा विचार त्या दिवशी आमच्या मनात आला. चिठ्ठी आमची होती आणि पाटल्या तिच्या होत्या. ज्याच्यापाशी चिठ्ठीही नाही आणि पाटल्याही नाहीत, त्याचे काय झाले असेल?

मग काय करावे?

आमच्या मते संस्थांनी पाच पथ्ये पाळावीत.

१. प्रवेशप्रक्रिया पूर्ण होईपर्यंत देणगीचा विषय कोणत्याही स्वरूपात काढू नये. प्रवेश समिती आणि निधी समिती वेगळ्या असाव्यात. कोणी दिले आणि कोणी दिले नाही, हे शिक्षकांना कळू नये.

२. मूल शिकत असताना आवाहन करायचेच तर ते सर्व पालकांना एकच आणि सारखे असावे. एखाद्या सधन पालकाला वेगळे भेटून मोठी रक्कम मागायची असेल, तर त्याचे मूल पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत थांबावे. यात संस्थेचे नुकसान होईल, हे आम्ही जाणतो. काही पालक विसरून जातील. परंतु जो आठवण ठेवून देईल, त्याची देणगी कृतज्ञतेची असेल आणि असा देणगीदार दुसऱ्यांदाही देतो.

३. देणगी बँकेमार्फत घ्यावी, हेतू लिहून घ्यावा, त्याच दिवशी पावती द्यावी. रोख दोन हजारांहून अधिक दिल्यास देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पालकाची रक्कम परकीय अंशदानाच्या कायद्याखाली येते; आपलाच माणूस आहे म्हणून ती साध्या खात्यात घेता येत नाही.

४. पैसा देणाऱ्याच्या मुलासाठी खर्च न होता, जे देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी खर्च व्हावा. दहा लाखांची कायम ठेव सहा टक्के व्याजाने ठेवली तर वर्षाला साठ हजार रुपये येतात. एवढ्यात वसतिगृहातील एका मुलीच्या जेवणाची सोय होऊ शकते आणि मुद्दल पुढच्या मुलीसाठी शिल्लक राहते.

५. वर्षाचा हिशेब संस्थेच्या फलकावर लावावा. लाख देणाऱ्याचे आणि शंभर देणाऱ्याचे नाव एकाच अक्षरात असावे.

पालकांनाही आमचे सांगणे आहे. मंजूर शुल्क किती हे विचारा. तो तुमचा हक्क आहे. पावतीविना पैसे देऊ नका. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जादा रक्कम मागितल्यास राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करा. आणि ज्यांना देवाने भरभरून दिले आहे, मग ते व्यापारी असोत, बागायतदार असोत किंवा परदेशी नोकरी करणारे असोत, त्यांनी आपले मूल शिकून बाहेर पडल्यावर त्या संस्थेत एकदा परत जावे आणि विचारावे, "येथे कोणाची फी थकली आहे?" शिफारशीची चिठ्ठी आमच्याकडे मागू नये, ही विनंतीही करतो. यापुढे आम्ही ती देणार नाही. मुलाची गुणवत्ता आणि घरची परिस्थिती यांचा खरा दाखला मात्र जरूर देऊ.

हिवाळ्यात मेहरूणची बोरे बाजारात येतात. माप भरून झाले, पैसे ठरले, की विकणारी बाई कधी आपणहून मूठभर बोरे वर टाकते. ती मूठ तिच्याकडे कोणी हक्काने मागू शकत नाही आणि तिच्यामुळे मापही बदलत नाही. आपल्या संस्थांतील देणगी अशीच, माप पूर्ण झाल्यानंतरची, खुल्या हाताची असावी. तसे झाले तर मराठीतील 'देणगी' हा शब्द पुन्हा स्वच्छ होईल आणि तलावाकाठच्या गप्पांत "किती द्यावे लागले?" हा प्रश्न कोणी विचारणार नाही. ती सद्बुद्धी परमेश्वर आम्हां मागणाऱ्यांना प्रथम देवो.